अडलंय कुठे, ते सांगूया



ही व्याख्यानमाला एका शिक्षकाच्या स्मरणार्थ चालते. म्हणून विषय निवडताना मी फार शोधाशोध केली नाही. शिक्षक समाजमाध्यमांवर एकमेकांकडून काय शिकतात, काय शिकू शकतात, आणि त्यातलं मुलांपर्यंत काय पोचतं, यावर मी बोलणार आहे. मोबाईल वाईट की चांगला, या वादात मी शिरणार नाही. तो वाद आता मागे पडला आहे. आज सभागृहातल्या प्रत्येक शिक्षकाच्या खिशात किंवा पर्समध्ये फोन आहे आणि त्या फोनवर शाळेचे, केंद्राचे, तालुक्याचे, संघटनेचे मिळून डझनभर ग्रुप आहेत. प्रश्न असा, की या ग्रुपांवर शिक्षण नावाची गोष्ट किती घडते?

आधी एक चित्र शहरातल्या श्रोत्यांसमोर ठेवायला हवं. महाराष्ट्रात लाखाहून अधिक शाळा आहेत आणि त्यांतल्या हजारो जिल्हा परिषदेच्या द्विशिक्षकी शाळा आहेत. पहिली ते चौथी चार वर्ग आणि शिक्षक दोन. त्यांतले एक मुख्याध्यापक. ते पंचायत समितीत बैठकीला गेले, की उरलेल्या एका शिक्षकाने चारही वर्ग सांभाळायचे, शालेय पोषण आहाराची नोंद ठेवायची, आलेल्या पालकाशी बोलायचं. अशा शाळेत तिसरीच्या एका मुलीला वजाबाकी काही केल्या जमत नाही. आपण सगळं करून पाहिलं, तरी जमत नाही. विचारायचं कोणाला? डॉक्टरला सहकारी डॉक्टर असतो, वकिलाला बाररूम असते. वाडीवरच्या शिक्षकाला कोण असतं? महिन्यातून एकदा केंद्राची, म्हणजे आसपासच्या शाळांच्या गटाची, शिक्षण परिषद असते. त्या परिषदेतही सूचना आणि माहिती गोळा करणं यांतच निम्मा वेळ जातो, हे इथे बसलेल्या सगळ्यांना ठाऊक आहे.

हा एकटेपणा आजचा नाही, आणि त्यावर उपाय शोधणंही आजचं नाही. एकोणिसाव्या शतकात पुण्याच्या ट्रेनिंग कॉलेजच्या आश्रयाने ‘शालापत्रक’ निघत असे. कृष्णशास्त्री चिपळूणकरांनी ते सांभाळलं, पुढे विष्णुशास्त्र्यांनी. गावोगावच्या पंतोजींना काही वाचायला मिळावं, शिकवण्याबद्दल विचार करायला मिळावा, हा त्यामागचा हेतू. १८७५ साली ते सरकारने बंद केलं. पुढे ताराबाई मोडकांनी १९३३ पासून मराठीत ‘शिक्षणपत्रिका’ चालवली. बालशिक्षण म्हणजे काय हे महाराष्ट्राला समजावून सांगण्यात त्या पत्रिकेचा वाटा मोठा आहे. बोर्डीला आणि पुढे कोसबाडला ताराबाई आणि अनुताई वाघ यांनी जे उभं केलं, त्याची वार्ता दूरच्या शिक्षकापर्यंत कशी गेली? छापील पानांनी गेली, पत्रांनी गेली, प्रत्यक्ष जाऊन पाहून आलेल्या माणसांच्या तोंडून गेली. वेळ लागायचा, पण जे पोचायचं त्यात विचार असायचा.

मग आपला काळ आला. २०१६ साली व्हॉट्सॲपने ग्रुपची मर्यादा १०० वरून २५६ केली. एवढीशी तांत्रिक गोष्ट, पण तालुक्यातले बरेचसे शिक्षक एका ठिकाणी येऊ शकले. त्याच्या आदल्याच वर्षी, जून २०१५ मध्ये, ‘प्रगत शैक्षणिक महाराष्ट्र’चा शासन निर्णय निघाला होता. त्या दोन-तीन वर्षांत महाराष्ट्रातल्या शिक्षकांनी जे केलं त्याची नोंद इतिहासाने घ्यायला हवी. कोणाचा आदेश नसताना शिक्षक व्हिडिओ करायला शिकले, चाचण्या तयार करायला शिकले, ब्लॉग लिहू लागले, आणि केलेलं सगळं एकमेकांना फुकट वाटू लागले. माढा तालुक्यातल्या परितेवाडीच्या शाळेत रणजितसिंह डिसले यांनी पाठ्यपुस्तकाला क्यूआर कोड जोडला. पुढे राज्याच्या पुस्तकांत ते कोड आले आणि २०२० साली त्यांना ग्लोबल टीचर प्राइझ मिळालं. दहा लाख डॉलरच्या त्या बक्षिसातली निम्मी रक्कम त्यांनी अंतिम फेरीतल्या इतर नऊ शिक्षकांना वाटून दिली. मला क्यूआर कोडपेक्षाही ही दुसरी गोष्ट मोठी वाटते. एका शिक्षकाचं शहाणपण हे सगळ्या शिक्षकांचं असतं, असं मानणाऱ्यालाच ते सुचू शकतं.

पण त्याच काळातली आणखी एक गोष्ट सांगतो, आणि इथे जरा थांबतो.

साताऱ्याजवळच्या कुमठे बीटमधल्या शाळांमध्ये ज्ञानरचनावादावर, म्हणजे मूल स्वतःच ज्ञान घडवतं या विचारावर, फार चांगलं काम झालं. राज्यभरातून हजारो शिक्षक ते पाहायला गेले. जे जाऊ शकले नाहीत त्यांच्यापर्यंत फोटो गेले. फोटोत काय दिसतं? वर्गाची फरशी दिसते. फरशीवर रंगाने आखलेले चौकोन, अंक, अक्षरं, गोल बसलेली मुलं. मग काय झालं? गावोगावच्या शाळांच्या फरशा रंगल्या. लोकवर्गणीतून रंग आला, सुट्टीत शिक्षकांनी स्वतः गुडघ्यावर बसून आखणी केली. त्या कष्टांबद्दल मला आदरच आहे. पण कुमठ्याच्या वर्गात शिक्षक मुलाला कोणता प्रश्न विचारतात, चुकीचं उत्तर आलं तर किती वेळ गप्प राहतात, मुलं एकमेकांना कसं समजावतात, हे फोटोत येत नव्हतं. म्हणून ते बहुतेक ठिकाणी पोचलंच नाही. रंग पोचला, प्रश्न मागे राहिला.

समाजमाध्यमाचा स्वभावच असा आहे. जे दिसतं ते धावतं, जे ऐकायला आणि विचार करायला लागतं ते मागे पडतं. आणि ग्रुपवर आपण काय टाकतो? झालेला कार्यक्रम, सजवलेला फलक, मिळालेलं प्रमाणपत्र. त्यावर अंगठे येतात, फुलं येतात, ‘अभिनंदन सर’, ‘खूप छान उपक्रम मॅडम’ येतं. कौतुक माणसाला हवंच असतं, शिक्षकाला तर ते फार कमी मिळतं, म्हणून मी त्याला नावं ठेवणार नाही. पण त्या कौतुकातून टाकणारा काय शिकला? पाहणारा काय शिकला?

आता दुसरी शक्यता पाहा. समजा एका शिक्षिकेने ग्रुपवर मुलांच्या वह्यांची दोन पानं टाकली. नावं झाकून. दोन्हीत एकच उदाहरण आहे: ४०३ वजा १५८. एका मुलाचं उत्तर ३५५. दुसऱ्याचं २५५. बरोबर उत्तर २४५. आपल्या सवयीप्रमाणे दोघांनाही लाल फुली, दोघांनाही ‘आणखी दहा उदाहरणं सोडव’. बाई विचारतात, ‘ही दोन्ही मुलं काय विचार करत असतील?’

आणि मग खरं काम सुरू होतं. कोणीतरी लिहितं, की पहिल्या मुलाने प्रत्येक घरात मोठ्या अंकातून लहान अंक काढलाय. आठातून तीन गेले पाच, पाचातून शून्य गेलं पाच, चारातून एक गेला तीन. वर कोणती संख्या आणि खाली कोणती, याचा त्याच्या लेखी काही अर्थच नाही. तीन सुटे अंक त्याला दिसतात, संख्या दिसत नाही. दुसरं कोणी लिहितं, की दुसऱ्या मुलाला तर बरंच येतं! त्याने शतक सुटं केलंय, दशकाच्या घरात दहा आणलेत, त्यातला एक दशक एककाला दिलाय, पण दिल्यावर आपल्याकडे नऊच उरले हे तो विसरला. म्हणून एक दशक जास्त आला. म्हणजे दोघांची अडचण वेगळी, तर दोघांचा उपायही वेगळा. पहिल्याला पुन्हा गठ्ठे-सुट्ट्यांकडे न्यायला हवं, आणि ‘चारशेतून दीडशे गेले तर साधारण किती उरतील?’ असं आधी तोंडी विचारायला हवं. दुसऱ्याच्या हातात खेळण्यातल्या नोटा द्याव्यात. शंभराची नोट मोडून दहाच्या दहा नोटा घे, त्यातली एक मोडून सुटे घे, आता मोज दहाच्या किती राहिल्या. पाच मिनिटांत त्याचं त्यालाच कळेल.

कोणी मग विचारतं, की मधलं शून्य नसतं तर? ४२३ वजा १५८ देऊन बघा ना. आठवड्याने बाई सांगतात, देऊन बघितलं, दुसऱ्याचं बरोबर आलं, पहिल्याचं नाही.

मित्रहो, हे शिक्षकाचं प्रशिक्षण नाही, तर दुसरं काय आहे? यासाठी सभागृह लागलं नाही, साधनव्यक्ती लागली नाही. लागलं ते एवढंच, की एका शिक्षिकेने ‘मला इथे अडलंय’ असं चारचौघांत सांगितलं. हेच तर अवघड आहे! अडलंय असं म्हटलं तर लोक म्हणतील, यांना शिकवता येत नाही. ग्रुपवर केंद्रप्रमुख आहेत, विस्तार अधिकारी आहेत. उद्या शेरा येईल. त्या भीतीपोटी आपण झालेलं दाखवतो आणि अडलेलं लपवतो. आणि शिकायला मिळतं ते अडलेल्यातूनच.

आपण गप्प राहिलो की काय हातचं जातं, याचा पुरावा मी एका वेगळ्या प्रसंगातून देतो. जून २०१९ आठवा. दुसरीच्या गणिताच्या पुस्तकात तेवीसला ‘वीस तीन’ अशीही एक वाचनपद्धत दिली होती. जुनी नावं काढली नव्हती, ही जोड होती. गणिताच्या समितीचं काम डॉ. मंगला नारळीकर पाहत होत्या. समाजमाध्यमांवर किती थट्टा झाली! आडनावांवरून विनोद, पुढाऱ्यांच्या नावांवरून विनोद, आठवडाभर दुसरं काही नाही. त्या गदारोळात पहिली-दुसरीला शिकवणाऱ्या शिक्षकाचा आवाज किती ऐकू आला? त्याला तर माहीत होतं की प्रश्न खरा आहे. मूल ‘त्रेसष्ट’ ऐकतं. कानावर आधी तीन येतो, मग साठ. आणि ते लिहितं ३६. दरवर्षी, प्रत्येक वर्गात, काही मुलं असं लिहितात. कानडीत, तेलुगूत आधी साठ येतात, मग तीन. सोलापूर, नांदेडच्या सीमेवरच्या शाळांत तर घरी एक क्रम आणि शाळेत दुसरा. त्या बदलाच्या बाजूने असा किंवा विरुद्ध असा, माझं त्यावर आग्रहाचं मत नाही. माझं दुःख वेगळं आहे. ज्यांनी आपल्या वर्गातली निरीक्षणं मांडायची ते गप्प राहिले, आणि ज्यांनी कधी पहिलीचा वर्ग पाहिला नाही त्यांनी निकाल दिला. शंभर शिक्षकांनी आपापल्या वर्गातल्या मुलांनी लिहिलेले अंक त्या वेळी समोर ठेवले असते तर चर्चेची पातळीच बदलली असती.

ते गप्प का राहिले, याचं एक कारण प्रशासनाजवळही आहे, आणि ते स्पष्ट बोलायला हवं. शिक्षकांचे ग्रुप आता टपालखातं झाले आहेत. सकाळी सात वाजता संदेश: ‘तात्काळ’. अकराला: ‘लिंक भरली नसलेल्या शाळांची यादी’. तीन वाजता: ‘आजच्या आज फोटो अपलोड करावेत, अन्यथा जबाबदारी आपली राहील’. झाड लावलं, फोटो. हात धुतले, फोटो. शपथ घेतली, फोटो. वर्गात शिकवणारा माणूस दिवसभर कशाचा फोटो राहिला याच्या धास्तीत असतो. सप्टेंबर २०२४ मध्ये राज्यातल्या प्राथमिक शिक्षकांनी आंदोलन केलं, तेव्हा प्रशासकीय व्हॉट्सॲप ग्रुप सोडणं हा त्या आंदोलनाचाच भाग होता. ग्रुप सोडणं हे निषेधाचं साधन व्हावं, यात सगळं आलं. जे साधन शिक्षकाने स्वतःहून, हौसेने हातात घेतलं होतं, ते अवघ्या काही वर्षांत त्याला जाच वाटू लागलं.

आणखी एक. २०२५ मध्ये राज्य शासनाने कर्मचाऱ्यांच्या समाजमाध्यम वापरासाठी नियम जाहीर केले. शासनाच्या धोरणांवर तिथे टीका करायची नाही, असा त्यांचा एक भाग आहे. पगारी सेवकाला काही मर्यादा असणारच, हे मला मान्य आहे. पण ‘हा पाठ माझ्या वर्गात चालत नाही’, ‘ही चाचणी मुलांना समजत नाही’ हे सांगणं म्हणजे टीका का? ते तर शिक्षकाचं कर्तव्य आहे. हा फरक वरिष्ठांनी लेखी करून द्यावा, अशी माझी जाहीर मागणी आहे. तो झाल्याशिवाय शिक्षक मोकळेपणाने बोलणार नाही.

आता मुलांकडे येतो.

टाळेबंदीत ‘शाळा बंद पण शिक्षण आहे’ म्हणत आपण व्हॉट्सॲपवर रोज अभ्यास पाठवला. त्या वर्षी ‘असर’ या ग्रामीण शिक्षणाच्या पाहणीत दिसलं, की देशाच्या ग्रामीण भागात शाळेत जाणाऱ्या ६१.८ टक्के मुलांच्या घरी स्मार्टफोन आहे. २०१८ मध्ये हेच प्रमाण ३६.५ टक्के होतं. वाढ मोठी आहे. पण घरी फोन असणं म्हणजे मुलाच्या हाती फोन असणं नव्हे. तो फोन सकाळी वडिलांबरोबर कामावर जात होता आणि रात्री रिचार्ज संपलेला असायचा. म्हणून मुलांच्या शिक्षणाचा भार मुलांच्या फोनवर टाकायला माझा ठाम विरोध आहे. लहान मुलांना समाजमाध्यमावर आणायची गरजच नाही. शिक्षक तिथे असला तरी पुरे.

तो तिथे असेल, तर काय घडू शकतं? कोकणातल्या गुहागर तालुक्यातली एक शाळा घ्या आणि कमी पावसाच्या माण तालुक्यातली एक. दोन्हीकडचे शिक्षक एका ग्रुपवर आहेत. जूनमध्ये दोन्हीकडची मुलं प्लॅस्टिकची सरळ बाटली कापून पर्जन्यमापक करतात, बाजूला पट्टी लावतात, अंगणात मोकळ्या जागी ठेवतात. रोज सकाळी ठरल्या वेळेला नोंद. शिक्षक तो आकडा एकमेकांना पाठवतात आणि दोन्ही वर्गांत दोन स्तंभ उभे राहू लागतात. कोकणात वर्षाला अडीच-तीन हजार मिलिमीटर, माणमध्ये पाचशेच्या आसपास. पुस्तकात हे एका ओळीत असतं. इथे ते रोज वाढतं. आठ दिवस माणचा स्तंभ हलतच नाही, तेव्हा गुहागरची मुलं विचारतात, ‘मग तुम्ही पेरता काय?’ तिकडून उत्तर येतं बाजरीचं, मटकीचं, चारा छावणीतल्या जनावरांचं. माणची मुलं विचारतात, ‘एवढं पाणी पडतं, मग उन्हाळ्यात तुमच्याकडे टँकर का येतो?’ आणि गुहागरच्या मुलांना आपल्याच डोंगराबद्दल, आपल्याच उतारावरून समुद्राला मिळणाऱ्या पाण्याबद्दल पहिल्यांदा विचार करावा लागतो. भूगोल आहे, गणित आहे, भाषा आहे. खर्च एका बाटलीचा. आणि एकाही मुलाचा चेहरा कुठे गेला नाही, एकाही मुलाचं खातं उघडलं नाही.

चेहऱ्याबद्दल मी मुद्दाम बोललो. वर्गात अडखळत वाचणाऱ्या मुलाचा, पाढा चुकून रडवेल्या झालेल्या मुलीचा व्हिडिओ ‘गोड आहे’ म्हणून स्टेटसला ठेवला जातो. मनात वाईट काही नसतं. पण ती मुलगी पुढे आठवीत जाईल, तेव्हा तो व्हिडिओ तिच्या वर्गातल्या कोणाच्या तरी फोनवर असेल. तिला कोणी विचारलं होतं? पालकांच्या ग्रुपवर गुणांची यादी टाकणं हाही तोच प्रकार. मागे राहिलेल्या मुलाच्या आईला ती यादी गावासमोर वाचावी लागते. २०२३ च्या वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्याने १८ वर्षांखालच्या मुलांच्या माहितीसाठी पालकांच्या संमतीचं तत्त्व मांडलं आहे. पण इथे कायद्याची वाट कशाला पाहायची? वहीचं पान दाखवा, मुलाने केलेलं चित्र दाखवा, त्याने विचारलेला प्रश्न लिहा. मूल दाखवू नका.

शेवटी काही मागण्या, आणि त्या इथेच बसलेल्या मंडळींकडे आहेत.

केंद्रप्रमुखांना विनंती, की पुढच्या शिक्षण परिषदेत पहिला पाऊण तास कोणतीही सूचना न वाचता फक्त वह्यांच्या पानांना द्या. प्रत्येक शाळेने एक चूक आणायची, आपली कमजोरी म्हणून नव्हे, सगळ्यांनी मिळून उलगडायचं कोडं म्हणून. ती चर्चा महिनाभर ग्रुपवर चालू द्या. तो ग्रुप वेगळा ठेवा. त्यावर आदेश नको, वाढदिवस नको, फॉरवर्ड नको. अधिकाऱ्यांनी त्यात यायचं असेल तर शिक्षक म्हणून यावं, आपल्यालाही काय अडलं होतं ते सांगावं.

शिक्षकांना विनंती, की कोणी प्रश्न विचारला तर त्याला तयार पीडीएफ पाठवून मोकळे होऊ नका. आधी उलट विचारा, ‘मूल नेमकं काय म्हणालं?’ आणि ज्याला उत्तर मिळालं त्याने पंधरा दिवसांनी परत येऊन सांगावं, की वर्गात काय झालं. चाललं असेल तरी, चाललं नसेल तरी. मेळघाटात नव्याने रुजू झालेल्या शिक्षकाला कोरकू येत नाही आणि मुलांना मराठी येत नाही, तेव्हा त्याच शाळेतून बदली होऊन गेलेल्या शिक्षकाने पाठवलेले पन्नास शब्द आणि त्यांचे उच्चार त्याला कोणत्याही पुस्तकापेक्षा जास्त उपयोगी पडतील. बदली होऊन गेलेल्यांनी ते पाठवावेत. आपली बदली झाली म्हणून त्या मुलांशी असलेलं आपलं नातं संपत नाही.

आणि अध्यापक विद्यालयांच्या प्राचार्यांना एक सांगणं. तुमच्याकडचे छात्राध्यापक सराव पाठ घेतात तेव्हा पाठाची टाचणं तपासली जातात. या वर्षापासून त्यांच्याकडून मुलांच्या चुकांची एक वही मागा. चूक काय, मूल काय म्हणालं, मी काय करून पाहिलं, सोबत्याने काय सुचवलं. नोकरीला लागल्यावर त्यांच्या ग्रुपवर काय जाईल, हे ती वही ठरवेल.